एआरडीएसचा रुग्ण पहिल्यांदाच तुमच्या बेडवर आला तर : आयसीयूतल्या नव्या सिस्टर-ब्रदरांसाठी

आयसीयूतली माझी पहिली नाइट ड्यूटी भातलावणीच्या दिवसांत लागली. कोकणातलं एक रुग्णालय, बाहेर धो धो पाऊस आणि चार नंबर बेडवर लेप्टोचा चाळिशीतला शेतकरी. व्हेंटिलेटरवर शंभर टक्के ऑक्सिजन चालू, तरी मॉनिटरवर सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) ८४. हँडओव्हर देणारी सिस्टर म्हणाली, "एआरडीएस आहे गं, सक्शन करत राहा." मी इमानेइतबारे करत राहिले. दर अर्ध्या तासाने सर्किट, म्हणजे व्हेंटिलेटरच्या नळ्या, सोडवायचं, स्राव ओढायला कॅथेटर घालायचा, परत जोडायचं. दर वेळी ८४ चे ७० व्हायचे आणि वर यायला दहा-दहा मिनिटं लागायची. पहाटे इन्चार्ज सिस्टर आल्या. दोन मिनिटं नुसत्या बघत उभ्या राहिल्या, मग विचारलं, "काही निघतंय का?" निघत नव्हतं. "मग उघडतेस कशाला?"

वॉर्डातून आयसीयूत आलेल्या प्रत्येकाकडून ही चूक होते, कारण वॉर्डात 'काहीतरी करत राहणं' म्हणजेच चांगली सेवा असं आपण शिकलेलो असतो. एआरडीएस, म्हणजे फुप्फुसं सुजून पाण्याने भरण्याचा आजार, त्या सवयीला माफ करत नाही. पुढे लिहिलंय ते मी करत, चुकत शिकलेलं आहे. व्हेंटिलेटरची सेटिंग आणि औषधांचे डोस डॉक्टरांच्या ऑर्डरनेच बदलायचे. पण त्या ऑर्डरचं बेडपाशी काय होतं, ते आपल्या हातात असतं.

१. आजार तेवढ्यापुरता समजून घ्या

फुप्फुसातल्या केशवाहिन्या सुजून गळक्या होतात आणि वायुकोशांत प्रथिनं असलेलं पाणी झिरपतं. काही वायुकोश भरतात, काही मिटतात, थोडे उघडे राहतात. ऑक्सिजन कितीही दिला तरी मिटलेल्या भागात तो पोहोचत नाही, म्हणून सॅच्युरेशन हटून बसतं. १९६७ साली अमेरिकेत डेन्व्हरच्या डॉक्टरांनी १२ रुग्णांचं वर्णन 'लॅन्सेट'मध्ये छापलं, तेव्हापासून हा आजार वेगळा ओळखला जातो.

डोक्यात एकच चित्र ठेवा : मोठ्या माणसाच्या छातीत लहान मुलाएवढंच फुप्फुस चालू आहे. त्यात मोठ्या माणसाएवढी हवा कोंबली तर उरलेलंही फाटेल.

निदानाची २०१२ ची बर्लिन व्याख्या राउंडला हमखास विचारतात. कारण घडल्यापासून आठवड्याच्या आत सुरुवात, एक्स-रेवर दोन्ही बाजूंना पांढरेपणा, आणि हृदयाच्या कमजोरीने किंवा जास्त सलाइनने ते सगळं समजावता न येणं. शिवाय पीप (श्वास सोडल्यावरही फुप्फुसात राखलेला दाब) निदान ५ असताना पीएफ रेशो ३०० किंवा खाली. हा रेशो काढायला एबीजीतला (धमनीच्या रक्ताच्या तपासणीतला) पीएओटू, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब, भागिले एफआयओटू, म्हणजे दिलेल्या हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण. पीएओटू ६६ आणि ऑक्सिजन ६० टक्के असेल तर ६६ भागिले ०.६, म्हणजे ११०. २०० ते ३०० सौम्य, १०० ते २०० मध्यम, १०० किंवा कमी म्हणजे तीव्र. २०२३ मध्ये व्याख्या रुंद केली. हाय फ्लो नेझलवरचे (नाकातून जोराने ऑक्सिजन दिला जाणारे) रुग्ण आणि एबीजी नसताना एसपीओटूवरून (प्रोबवरच्या सॅच्युरेशनवरून) काढलेला रेशोही आता धरतात. लहान रुग्णालयांना याचा मोठा उपयोग आहे.

कारणं अनेक : न्यूमोनिया, सेप्सिस, पॅन्क्रियाटायटिस (स्वादुपिंडाची सूज), उलटी फुप्फुसात जाणं, मोठा अपघात, रक्त चढवणं. आपल्याकडे त्यात पावसाळी पाहुणे मिसळतात. लेप्टो, डेंग्यू, मलेरिया, स्वाइन फ्लू आणि स्क्रब टायफस, जो २०१८ मध्ये विदर्भात बराच दिसला. स्क्रब टायफसमध्ये कीटक चावल्याजागी सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली असते. ती काखेत, जांघेत, स्तनाखाली, कमरपट्ट्याखाली लपते. डॉक्टर राउंडला चादर बाजूला करून एवढं शोधत नाहीत. ती आपल्याला स्पंज देताना सापडते. सापडली तर लगेच सांगा, अँटिबायोटिकची दिशाच बदलू शकते.

२. ड्यूटीला येताच बेडपाशी काय हवं

हे स्वतः हात लावून तपासा. 'आहे' असं हँडओव्हरमध्ये ऐकून पुढे जाऊ नका.

– अँब्यू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची), मास्क आणि शक्यतो पीप व्हॉल्व्ह. ऑक्सिजनची नळी जोडलेली हवी
– क्लोज्ड सक्शन सेट (सर्किट न उघडता सक्शन करायचा), नीट चालणारं सक्शन
– श्वासनळीत घातलेल्या नळीला लावायचा क्लॅम्प
– कफ प्रेशर (नळीच्या फुग्यातला दाब) मोजायचा मॅनोमीटर
– मोजपट्टी (का, ते पुढे)
– हेपरिन घातलेल्या एबीजी सिरिंज
– कान किंवा कपाळावर लावायचा प्रोब. नॉरअ‍ॅडवर (बीपी वाढवायचं औषध) बोटं गार पडली की बोटावरचा आकडा भरवशाचा राहत नाही
– भरलेला सिलिंडर आणि त्याची चावी. चावी नेहमी दुसऱ्याच बेडला असते

मग रुग्णाकडे बघा. नळी दातांपाशी किती सेंटिमीटरवर आहे, ते लिहा. छाती दोन्हीकडून सारखी उचलतेय का, दोन्ही बाजूंना हवा ऐकू येतेय का. उशाकडची बाजू ३० ते ४५ अंश उचललेली आहे का. अंदाजाने 'तीस' म्हटलेला कोन बहुतेकदा पंधराच भरतो, पलंगाच्या दांड्यावरचा काटा बघा.

३. उंची मोजा

या लेखातलं हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित काम. व्हेंटिलेटरचा टायडल व्हॉल्यूम (एका श्वासात आत जाणारी हवा) रुग्णाच्या प्रत्यक्ष वजनावर ठरवायचा नसतो. माणूस जाड झाला म्हणून त्याचं फुप्फुस वाढत नाही. व्हॉल्यूम उंचीवरून काढलेल्या वजनावर ठरतो :

पुरुष : ५० + ०.९१ × (उंची सेंमीमध्ये − १५२.४)
स्त्री : ४५.५ + ०.९१ × (उंची सेंमीमध्ये − १५२.४)

उदाहरण घ्या. १५० सेंमी उंचीच्या बाई, वजन ७२ किलो. सूत्राने वजन येतं साधारण ४३ किलो, आणि किलोमागे ६ मिलीने व्हॉल्यूम २६० मिली. कुणी केस पेपरवरचे ७२ किलो धरले तर ४३२ मिली, म्हणजे किलोमागे जवळजवळ १० मिली. २००० साली छापल्या गेलेल्या अमेरिकन चाचणीत ८६१ रुग्ण होते. किलोमागे १२ मिली दिलेल्या गटात ३९.८ टक्के दगावले, ६ मिलीच्या गटात ३१ टक्के. एवढा फरक एका मोजपट्टीशी जोडलेला आहे.

रुग्ण सरळ झोपवून डोक्यापासून टाचेपर्यंत मोजा, आकडा केस पेपरच्या पहिल्या पानावर आणि व्हेंटिलेटरवर चिकटपट्टीने लावा. 'अंदाजे ७० किलो' लिहिलेलं दिसलं तर रेसिडेंटना विचारा, "सर, हे उंचीवरचं आहे का?" कुणी रागावत नाही. रागावले तरी विचारा.

तासाच्या चार्टवर टायडल व्हॉल्यूम, पीप, एफआयओटू लिहितोच. प्लॅटू प्रेशरही (श्वास भरून क्षणभर थांबवल्यावरचा दाब) लिहायला शिका. ते ३० च्या खाली हवं, आणि प्लॅटू वजा पीप १५ च्या खाली असलेलं बरं. सॅच्युरेशनचं लक्ष्य साधारण ८८ ते ९५. नवीन मुलं ९९ दिसलं की खूश होतात. ९९ म्हणजे ऑक्सिजन कमी करता येईल, डॉक्टरांना सांगा. कमी व्हॉल्यूममुळे कार्बन डायऑक्साइड थोडा चढतो. पीएच (रक्ताची आम्लता) ठीक असेल तर तो मुद्दाम सहन केला जातो. लाल आकडा दिसला म्हणून घाबरून रेट वाढवायला सांगू नका, पीएच बघा.

४. सर्किट उघडू नका

आता माझ्या इन्चार्ज सिस्टरांच्या प्रश्नाकडे. पीपमुळे मिटू पाहणारे वायुकोश उघडे राहतात. सर्किट सुटलं की तो दाब क्षणात शून्य होतो आणि तासाभरात उघडलेलं फुप्फुस दोन सेकंदांत मिटतं. परत जोडलं म्हणून लगेच उघडत नाही. माझ्या त्या शेतकऱ्याचे ७० त्यामुळेच होत होते.

म्हणून सक्शन घड्याळावर करायचं नाही. नळीत स्राव दिसला, खरखर ऐकू आली, व्हेंटिलेटरच्या फ्लो ग्राफवर करवतीसारखे दाते आले, पीक प्रेशर (श्वास आत जातानाचा सर्वांत जास्त दाब) चढलं किंवा सॅच्युरेशन घसरलं तरच. करताना क्लोज्ड सक्शन वापरा. आधी अर्धा ते एक मिनिट १०० टक्के ऑक्सिजन, कॅथेटर नळीच्या आतल्या व्यासाच्या निम्म्याहून जाड नको (नळीचा नंबर वजा २, गुणिले २ : ८ नंबरच्या नळीला १२), आणि आत जास्तीत जास्त १५ सेकंद. प्रत्येक वेळी सलाइन सोडायची जुनी पद्धत बंद करा. फेसाळ गुलाबी पाणी येत असेल तर ते कितीही ओढलं तरी संपणार नाही, ते खालून झिरपतंय.

सर्किट बदलायचंच असेल, सीटीला न्यायचं असेल, तर आधी सगळं हाताशी, मग नळीला क्लॅम्प, मग व्हेंटिलेटर स्टँडबाय, मग सोडवा. उलट जोडताना शेवटी क्लॅम्प काढा. सगळं मिळून काही सेकंदांत. दोन सापळे : आत तार असलेल्या नळीला क्लॅम्प लावू नका, ती चेपली की चेपलेलीच राहते. आणि रुग्ण स्वतः जोरात श्वास ओढत असेल तर क्लॅम्प लावू नका, बंद नळीविरुद्ध ओढलेला श्वास फुप्फुसाला आणखी इजा करतो.

नेब्युलायझर जोडायला, साचलेलं पाणी काढायला, 'जरा नळी सरळ करायला' सुद्धा सर्किट उघडलं जातं. पाणी वॉटर ट्रॅपमधून काढा. ट्यूब रुग्णाच्या तोंडाकडे उचलून ते पाणी घशात ओतू नका. हे लिहावं लागतंय, कारण मी पाहिलंय.

कफ प्रेशर दर शिफ्टला मॅनोमीटरने, २० ते ३० सेंमी पाणी. फुगा बोटाने दाबून दाब बरोबर ओळखणारा हात मला अजून भेटायचाय.

५. अलार्म वाजला, सॅच्युरेशन पडलं

अलार्म म्यूट करण्याआधी रुग्णाकडे बघा. क्रम पाठ करा : नळी सरकली का, नळी तुंबली का, छातीत हवा भरली का, मशीन बिघडलं का. दातांपाशीचा आकडा, कॅथेटर आत जातो का, एका बाजूला आवाज गेला का आणि बीपी पडलं का. एका बाजूचा आवाज गेला आणि बीपी कोसळलं तर न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाबाहेर छातीत हवा) धरूनच डॉक्टरांना ओरडून बोलवा, पोर्टेबल एक्स-रेची वाट बघू नका. मशीनवर संशय असेल तर १०० टक्के ऑक्सिजन लावून अँब्यू, पीप व्हॉल्व्हसकट. आणि हळू. घाबरलेला हात मिनिटाला चाळीस वेळा बॅग दाबतो.

आणखी एक गोष्ट, जी डॉक्टर दहा मिनिटांच्या राउंडमध्ये पाहू शकत नाहीत : रुग्ण एका श्वासावर लगेच दुसरा ओढतो, श्वास बाहेर न टाकता. सेटिंग २६० ची, पण आत गेले ५२०. ग्राफवर जोड शिखरं दिसतात. असं वारंवार होत असेल तर सांगा.

६. पालथं घालणं

२०१३ मध्ये छापलेल्या, फ्रान्समधल्या (एक केंद्र स्पेनमधलं) चाचणीत पीएफ १५० च्या खालच्या ४६६ रुग्णांपैकी निम्म्यांना सलग निदान १६ तास पालथं ठेवलं. २८ दिवसांत पालथ्या गटात १६ टक्के दगावले, उताण्या गटात ३२.८ टक्के. यात महागडं काही नाही. माणसं आणि उशा लागतात. कोविडमध्ये आपण सगळे हे शिकलो, पण घाईत शिकलो.

निदान पाच जण : डोक्याशी नळी धरायला डॉक्टर, दोन्ही बाजूंना दोन-दोन. वळवताना 'एक-दोन-तीन' फक्त डोक्याशी असलेल्याने मोजायचं. वॉर्डातल्या मामा, मावशींना आधी समजावून सांगा, त्यांचा हात आपल्यापेक्षा पक्का असतो, फक्त कुठे धरायचं ते माहीत हवं.

आधी : फीड तासभर बंद, रायल्स ट्यूबने (नाकातून पोटात घातलेली नळी) पोट रिकामं. डोळ्यांत जेल, पापण्या बंद करून मायक्रोपोर. जीभ दातांच्या आत. नळी पक्की बांधलेली, आकडा लिहिलेला. सक्शन, गरज असेल तर. हाडांच्या उंचवट्यांवर फोम ड्रेसिंग. लाइन्सचं नियोजन : कमरेवरच्या डोक्याकडे, कमरेखालच्या पायाकडे. युरोबॅग (लघवीची पिशवी) रिकामी करून पायांच्या मध्ये. अँब्यू आणि इन्ट्युबेशन ट्रॉली उशाशी. ऑक्सिजन १०० टक्के.

वळवताना : रुग्णाला दोन चादरींमध्ये गुंडाळून कडा घट्ट वळा. आधी व्हेंटिलेटरच्या उलट्या कडेला सरकवा, मग व्हेंटिलेटरकडे तोंड करून कुशीवर. इथे थांबा. नळी, लाइन्स, सॅच्युरेशन बघा. मग पालथं. ईसीजीचे लीड पाठीवर.

नंतर : छातीखाली आणि ओटीपोटाच्या हाडांखाली उशा, पोट मोकळं. पायाखाली उशी, म्हणजे बोटं गादीत रुतणार नाहीत. एक हात वर, दुसरा खाली, तोंड वर केलेल्या हाताकडे. दर दोन तासांनी डोकं आणि हात बदला. पलंग डोक्याकडून किंचित वर. वळवल्यावर पहिली काही मिनिटं सॅच्युरेशन पडू शकतं, लगेच धीर सोडून परत उताणं करू नका. तासाभराने एबीजी.

जपायच्या जागा : कपाळ, गाल, हनुवटी, कान, स्तन, पुरुषांत जननेंद्रिय, गुडघे. नळी ओठाच्या कोपऱ्यात दाबली जाते, तिथे जखम हमखास. मी एकदा चौदा तासांनी उताणं केल्यावर ओठाला कातरल्यासारखी चीर पाहिली. चार्टवर मात्र दर दोन तासांनी 'स्किन इंटॅक्ट' लिहिलेलं होतं. अक्षर माझंच होतं.

पालथ्या अवस्थेत हृदय थांबलं तर काय, हे वळवण्याआधीच ठरवा. नळी पक्की असेल तर पाठीवर, खांद्याच्या पात्यांमध्ये दाब सुरू करता येतो, तोवर बाकीचे उताणं करायची तयारी करतात.

७. झोपेचं औषध आणि स्नायू शिथिल करणारं औषध

अ‍ॅट्राक्युरियम, व्हेक्युरोनियमसारखी औषधं स्नायू बंद करतात, जाणीव नाही. म्हणून आधी फेंटानिल, मिडाझोलामने रुग्ण खोल झोपेत हवा, रॅस स्कोअर (झोप किती खोल ते मोजायचा आकडा) −४ किंवा −५, मगच दुसरं पंप चालू. सगळ्यात भयानक चूक इथेच होते : झोपेच्या औषधाची सिरिंज संपते, पंप वाजतो, आपण दुसऱ्या बेडवर, आणि शिथिल करणारं चालूच. आत माणूस जागा, हलता येत नाही. नाडी आणि बीपी अचानक चढणं, डोळ्यांतून पाणी, ही त्याची हाक समजा. सिरिंजमध्ये तासाभराचं औषध उरलं की पुढची भरून लेबल लावून तयार ठेवा.

डोळे दर चार तासांनी जेल घालून मिटवा. आणि त्याच्याशी बोला. "काका, मी सिस्टर, कूस वळवते आता." कुणी हसलं तर हसू दे.

८. पाण्याचा हिशेब

शॉक नसलेल्या रुग्णाला कोरडं ठेवलेलं बरं. २००६ च्या अमेरिकन चाचणीत १,००० रुग्ण होते. कमी पाणी दिलेल्यांचे व्हेंटिलेटरवरचे दिवस घटले, मृत्यूंत फरक पडला नाही. पण डॉक्टर सलाइन बंद करतात आणि पाणी मागच्या दाराने आत येतं. एक अँटिबायोटिक १०० मिलीत दिवसातून तीनदा, दुसरं १०० मिलीत दोनदा, पॅरासिटामॉलच्या १०० मिलीच्या बाटल्या चार, आणि दिवसाचे वीस फ्लश, प्रत्येकी १० मिली. झाले १,१०० मिली, आणि चार्टवर 'आयव्ही फ्लुइड : निल'. हे सगळं इनटेकमध्ये धरा. फार्मसीला विचारून जे औषध कमी पाण्यात देता येतं ते तसं द्या.

९. रोजची कामं

ही तुम्हाला येतात, म्हणून थोडक्यात. दात ब्रशने घासा, नुसता बोळा फिरवून भागत नाही. नळीतून खाणं पहिल्या २४ ते ४८ तासांत सुरू व्हावं. पालथ्या रुग्णालाही फीड चालतं, हळू आणि उलटीकडे लक्ष ठेवून. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून इंजेक्शन किंवा पायाचे पंप लिहिलेत का, बघा. एबीजी पाठवताना सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढा आणि चिठ्ठीवर एफआयओटू लिहा. तो नसेल तर रिपोर्टचा अर्थ लावता येत नाही.

१०. नातेवाईक

"व्हेंटिलेटरवर टाकलं म्हणजे संपलं" हे ऐकूनच ते आलेले असतात. खोटा धीर देऊ नका, रोगाबद्दलचं बोलणं डॉक्टरांनीच करावं. पण पालथं घातल्यावर चेहरा सुजतो, डोळे फुगतात, हे भेटीच्या आधी त्यांना सांगणं आपलं काम. एका बाईंनी नवऱ्याला ओळखलंच नव्हतं. बाहेर जाऊन म्हणाल्या, "माणूस बदलला." दोष आमचा, आम्ही सांगितलं नव्हतं.

कागद पहिल्याच दिवशी मागून ठेवा : आधार, रेशन कार्ड, जुने रिपोर्ट आणि एक्स-रे, चालू औषधांच्या पट्ट्या, अ‍ॅलर्जीची माहिती. महात्मा फुले योजनेत बसणारा रुग्ण असेल तर आरोग्यमित्राकडे पाठवा, आणि एबीजी व एक्स-रेच्या प्रती वेगळ्या काढून ठेवा. रात्री दोन वाजता मुलगा गावाला रेशन कार्ड आणायला निघतो, हे टाळता येतं.

११. नळी निघायच्या दिवशी

ऑक्सिजन आणि पीप उतरत आले की रोज सकाळी झोपेचं औषध कमी करून रुग्ण स्वतःच्या श्वासावर टिकतो का ते बघतात. या काळात तो गोंधळतो, नळी ओढतो. हात बांधायची घाई करू नका. चष्मा, कानातलं मशीन घरून मागवा, भिंतीवरचं घड्याळ दिसेल असं ठेवा, घरच्यांपैकी एकाला शेजारी बसू द्या. हातापायांत जोर नसतो. काही आठवडे झोपून उठलेल्या माणसाला चमचाही जड होतो, हे त्याला आधीच सांगा, नाहीतर लकवा झाला म्हणून रडतो.

नळी निघाली की पहिला शब्द असतो "पाणी". आवाज घोगरा, ओठ सुकलेले, आणि नातेवाईक ग्लास घेऊन उभेच. लगेच देऊ नका. इतके दिवस घशात नळी असल्याने गिळणं बिघडलेलं असतं, पाणी थेट फुप्फुसात जाऊ शकतं. ओल्या गॉजने ओठ पुसा. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर सरळ बसवून, हनुवटी किंचित खाली, एक चमचा द्या आणि थांबा. ठसका लागला नाही, आवाज ओलसर झाला नाही, तर दुसरा.